मधल्या हातांचा हिशोब : परदेशी नोकरभरती आणि शहापूर-मुरबाड

आखातातल्या एखाद्या ठेकेदाराला शटरिंगचे सुतार हवे असतात आणि डोळखांबकडच्या एखाद्या पोराला काम हवं असतं. या दोघांची गाठ पडेपर्यंत मध्ये चार-पाच माणसं उभी राहतात आणि प्रत्येकाला आपला वाटा हवा असतो. परदेशातल्या नोकरभरतीबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक दोन टोकांबद्दल असतं. तिकडचा कठोर मालक आणि इकडचा फसलेला मजूर, एवढ्यात गोष्ट संपते. पण नोकरी मिळवण्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर बसायचा हे ठरतं ते मधल्या माणसांत, आणि ती नोकरी पुढे कशी जाणार हेही बरंचसं तिथेच ठरून जातं. म्हणून हा आढावा मुख्यतः मधल्यांचा आहे.

त्यासाठी शहापूर आणि मुरबाड हे तालुके निवडण्याला कारण आहे. परदेशच्या पैशावर उभा राहिलेला हा मुलूख नाही. तसा मुलूख म्हणजे खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन. तिथे दोन-तीन पिढ्यांपासून घरटी कोणीतरी कुवेतला, मस्कतला असतो. व्हिसा पाठवणारा मामा किंवा मेहुणा असतो आणि कंपनी कशी आहे हे निघण्याआधी फोनवर कळतं. शहापूर-मुरबाडच्या कुणबी, ठाकर, महादेव कोळी, कातकरी वस्त्यांना असा आधार नाही. इथल्या माणसाची धाव आजवर कसारा लोकलने मुंबईपर्यंत, वासिंद-आसनगावच्या कारखान्यांपर्यंत, मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली, नाहीतर भिवंडीच्या गोदामांपर्यंत. तानसा आणि भातसा या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतात. भात कापून झालं की शेतात काम उरत नाही. आता मोबाइलवर रील पाहता पाहता दुबईच्या, जर्मनीच्या, इस्रायलच्या नोकऱ्यांच्या जाहिराती या पाड्यांवरही पोचल्या आहेत. नात्यातलं कोणी तिकडे नसताना ही हाक येते, तेव्हा माणूस सर्वस्वी मधल्याच्या भरवशावर असतो.

मधला माणूस इथे नवा नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. वीटभट्टीची भरती इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाला किंवा त्याचा मुकादम येऊन बयाणा देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब, पोराबाळांसकट, कल्याण-भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातं. आठवड्याला खर्ची मिळते, ती तांदूळ-मिरचीत संपते. विटा पाडायच्या त्या हजारी दराने. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो. बयाणा आणि खर्ची वजा जाऊन हातात काय उरलं हे शेटच्या वहीत असतं आणि वही वाचता येणारा घरात एखादाच असतो. कधी अंगावरच बाकी निघते आणि पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर जाणं भाग पडतं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने हे गुन्हा ठरवलं आहे. १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात याच प्रश्नावर लढे दिले, कितीतरी कुटुंबं सोडवली. तरी बयाणा थांबलेला नाही, कारण पावसाळ्यातली उपासमार थांबलेली नाही.

आता परदेशी भरतीची रीत पाहा. कागदावर ती वीटभट्टीच्या अगदी उलट आहे, चोख बांधलेली. १९ व्या शतकात मुंबई बंदरातून कोकणातले मराठी मजूर गिरमिटावर मॉरिशसला गेले. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. ती पद्धत बंद पडल्यावर १९२२ चा कायदा आला, पण तो जुन्या मळ्यांच्या मजुरांसाठी केलेला. सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा वाहू लागला, लाखो माणसं निघाली आणि मुंबईत एजंटांची दुकानं उघडली. त्या गोंधळातून १९८३ चा उत्प्रवास कायदा जन्मला आणि आजही भरतीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

या कायद्याप्रमाणे परदेशी मालक उठून शहापूरला येऊन माणसं नेऊ शकत नाही. त्याने एकतर सरकारकडून थेट भरतीचा परवाना घ्यायचा, नाहीतर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या भरती एजंटामार्फत यायचं. मालक आधी त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे नोंदणी करतो. किती माणसं, कोणत्या हुद्द्याची, पगार किती, राहणं-जेवण कोणाचं, हे लिहिलेलं मागणीपत्र, एजंटाच्या नावचं मुखत्यारपत्र आणि कराराचा नमुना देतो. २०१५ च्या सुमारापासून हे सगळं ई-मायग्रेट या संगणकीय व्यवस्थेतून चालतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. एजंट जाहिरात देतो, मुलाखत आणि ट्रेड टेस्ट होते, मेडिकल होतं, व्हिसा लागतो. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा, शिक्का आहे त्यांना उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी लागते. मुंबईचं ते कार्यालय आता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. निघण्यापूर्वी प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा अपघाती विमा उतरवायचा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. एक दिवसाचं प्रशिक्षणही असतं. एवढ्या कागदांतून गेलेला माणूस खरोखर बऱ्यापैकी सुरक्षित असतो, हे कबूल करायला हवं.

एजंटाने कामगाराकडून किती घ्यायचं याचीही मर्यादा आहे. जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. त्याची पावती देणं बंधनकारक आहे. बेकायदा भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड किती, तर २,००० रुपयांपर्यंत. १९८३ साली या रकमेला काही वजन असेल. आज एका मुलाच्या मेडिकलचा आणि मुंबईच्या खेपांचा खर्च त्याहून जास्त होतो.

पावतीचा विषय निघालाच आहे तर मुरबाड तालुक्यातल्या धसईची आठवण होते. १ डिसेंबर २०१६ रोजी नोटाबंदीच्या धामधुमीत हे गाव राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले, भाजीवाल्यापासून केशकर्तनालयापर्यंत कार्ड घासायची यंत्रं वाटली गेली. ते कितपत टिकलं हा वेगळा विषय. पण वडापावचा व्यवहारसुद्धा यंत्रावर करायला निघालेल्या काळात परदेशी नोकरीचे पैसे मात्र आजही रोख, गड्ड्यांनी आणि पावतीशिवाय दिले जातात. ते घेणारा एजंट नसतोच, तिथेच सगळी मेख आहे.

कायदा ज्याला एजंट म्हणतो त्याचं कार्यालय मुंबईत असतं. त्याने सरकारकडे बँक हमी ठेवलेली असते, त्याला नोंदणी क्रमांक असतो. मुंबईच्या आखाती नोकऱ्यांच्या जाहिरातींना वाहिलेल्या साप्ताहिकांत तो जागा विकत घेतो. पण तो डोळखांबला किंवा टोकावड्याला कधी येत नाही. येतो तो त्याच्या ओळखीचा ओळखीचा. हा झेरॉक्सच्या दुकानातला असेल, आधी आखातात दोन वर्षं काढून आलेला असेल, कोणाच्या आत्याचा जावई असेल. हा पोरं गोळा करतो, पासपोर्ट काढून देतो, फोटो-कागद जुळवतो आणि कल्याणच्या दुसऱ्या माणसाकडे पाठवतो. कल्याणचा माणूस मुंबईच्या एजंटाकडे. प्रत्येक पायरीवर रक्कम चढते. १९८३ च्या कायद्यात या खालच्या माणसासाठी जागाच नाही. नोंदलेल्या एजंटाने उपएजंट नेमणं बेकायदा, म्हणून कागदावर उपएजंट अस्तित्वात नाही. जो अस्तित्वात नाही त्याच्यावर देखरेख कोण ठेवणार? ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बेकायदा एजंटांची यादी असते, ती आता तीन हजारांच्या वर गेली आहे. तिच्यात मुंबई, दिल्ली, हैदराबादची दुकानं सापडतील, पण आत्याचा जावई सापडणार नाही.

माझ्या मते या प्रश्नाचा कणा इथे आहे. शुल्कमर्यादा, पावती, परवाना हे सगळं साखळीच्या वरच्या दोन कड्यांना लागू आहे आणि पैसे उकळले जातात खालच्या तीन कड्यांत. शिवाय उपएजंट नुसता लुबाडणारा असतो असंही नाही. ज्या पाड्यावर पासपोर्टचा अर्ज भरता येणारं कोणी नाही, तिथे तोच एक मार्ग असतो. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आडनाव एका ठिकाणी ठाकर आणि दुसरीकडे ठाकूर, आईचं नाव तिसरंच. हे जुळवून आणायला लोक त्याला पैसे देतात आणि ते काही फुकट जात नाहीत. त्याचं काम गरजेचं आहे. ते काम करणारी सरकारी खुर्ची तालुक्यात नाही, म्हणून तो आहे.

रकमेचा फरक किती पडतो ते साधं आकडे मांडून कळतं. समजा नोकरीसाठी एकूण एक लाख लागले आणि ते गावातून शेकडा तीन महिना व्याजाने उचलले. पहिले दोन महिने तिकडून पैसे येत नाहीत. पगार उशिरा होतो, कागद व्हायचे असतात. तोवर न दिलेलं व्याज मुद्दलात चढून कर्ज १,०६,०९० होतं. तिसऱ्या महिन्यापासून मुलगा दरमहा १५,००० घरी पाठवतो आणि घरचे त्यातला एकही रुपया न खाता सगळे सावकाराला देतात असं धरू. तरी शेवटचे पैसे फिटायला अकरावा महिना उजाडतो. तेच फक्त कायदेशीर ३५,४०० लागले असते, तर पाचव्या महिन्यात माणूस मोकळा. करार बहुधा दोन वर्षांचा असतो. म्हणजे एका हिशोबात त्याची निम्मी मुदत मधल्यांसाठी जाते आणि घरच्यांनी त्या पैशात मीठ-मिरची घेतली तर निम्म्याहून जास्त. या अकरा महिन्यांत मालकाने पगार कापला, कराराऐवजी दुसरं काम दिलं, ओव्हरटाइम बुडवला, तरी तो मुलगा बोलणार नाही. परत यायचं तर कर्ज वाट पाहत असतं.

भट्टीत मालक आधी पैसे देतो आणि मजूर त्याला बांधला जातो. इथे मजूर आधी पैसे देतो आणि तरीही तोच बांधला जातो. पैशाची दिशा उलटी, गाठ तीच. म्हणून नुसता ‘परदेशी मालक चांगला असावा’ या प्रार्थनेला अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात भरतीचा खर्च कामगारावर टाकू नये हे तत्त्व आहे. भारताने त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही आणि आपला कायदा कामगाराकडून तीस हजार घ्यायला रीतसर परवानगी देतो. मर्यादा घातल्याने लूट थांबेल ही अपेक्षा चाळीस वर्षांत पुरी झाली नाही. खर्च मालकाचा, असं एकदा ठरलं तर उपएजंटाच्या ‘साहेबांना द्यायचे आहेत’ या वाक्याची धार जाईल. निदान गावात सगळ्यांना एक साधा नियम माहीत असेल की जो पैसे मागतो तो खोटा. ‘अमुक रकमेपर्यंत खरा, त्यापुढे खोटा’ हा नियम पाड्यावर पाळता येत नाही.

मजुरीबाबतही सरकारचं धोरण डळमळतं राहिलं आहे. आखाती देशांसाठी भारत किमान शिफारस वेतन ठरवतो, त्याखालच्या पगारावर मंजुरी द्यायची नाही असा संकेत. सप्टेंबर २०२० मध्ये, महासाथीत भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून हे वेतन एकदम तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणलं गेलं. ओरड झाली, तेलंगणात प्रकरण न्यायालयात गेलं आणि पुढच्या वर्षी ते परिपत्रक मागे घेतलं गेलं. तिकडच्या देशांत काही सुधारणा झाल्या आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून पगार बँकेमार्फत देऊन त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या दाखल्याची अट काढली, सौदीने २०२१ पासून कफालतीचे, म्हणजे मजुराला मालकाशी बांधणाऱ्या पद्धतीचे, काही दोर सैल केले. तरी १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले, तेव्हा दाटीवाटीच्या निवाऱ्याचा प्रश्न जिथल्या तिथे असल्याचं दिसलं. करारात ‘निवास मोफत’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता दहावीच्या रेषेकडे वळू, कारण शहापूर-मुरबाडच्या तरुण पिढीचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. दहावी नापास किंवा त्याहून कमी शिकलेल्याला ईसीआर पासपोर्ट मिळतो आणि ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना मंजुरी लागते. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक वगैरे त्या यादीत आहेत. दहावी पास झाला की मंजुरीची गरज संपली. कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं की शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल. आश्रमशाळेतून पस्तीस-चाळीस टक्क्यांनी दहावी निघालेला मुलगा इंग्रजी करार वाचू शकतो, असं ज्याला वाटतं त्याने एकदा किन्हवली भागात यावं. आदिवासी विकासाचा प्रकल्प शहापुरातून चालतो, आश्रमशाळा वाढल्या, दहावी पास होणारी मुलं वाढली, आणि ही सगळी मुलं नेमकी त्या छत्राच्या बाहेर पडली.

त्याचा सर्वांत भयंकर वापर गेल्या तीन-चार वर्षांत झाला. ‘बँकॉकमध्ये डेटा एंट्री, पगार सत्तर हजार’ अशा जाहिराती फिरल्या, पर्यटक व्हिसावर मुलं थायलंडला गेली आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली. कंबोडिया आणि लाओसमध्येही हेच झालं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन खेपांत २८३ आणि २६६ अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. महाराष्ट्र सायबर विभागाने त्यानंतर इथल्या काही एजंटांना अटक केली. थायलंड ईसीआर यादीत आहे. पण पर्यटक म्हणून जाणाऱ्याला कोण विचारतं? सगळे नियम नोकरीच्या व्हिसाला आणि अशी फसवणूक पर्यटक व्हिसावर, ही गोष्ट गावोगावी माईकवरून सांगण्यासारखी आहे. तीच गोष्ट ‘आझाद व्हिसा’ची. ज्याच्या नावाने व्हिसा आहे त्याच्याकडे काम नाही, तिथे जाऊन कुठेही राबायचं आणि वर्षाला त्या कफीलाला पैसे द्यायचे. पकडला गेला की मालक हात वर करतो.

मेडिकलबद्दल थोडक्यात. आखातासाठी ठरलेल्या केंद्रांतच तपासणी लागते. लोक अजून तिला गामका म्हणतात. छातीच्या एक्स-रेवर क्षयाचा जुना डाग दिसला तरी माणूस अनफिट ठरतो. कुपोषण आणि क्षय ज्या पट्ट्यात मुरलेले आहेत तिथे हा दगड अनेकांच्या वाटेत असतो. उपएजंट मात्र मेडिकलआधीच अर्धे पैसे घेऊन बसलेला असतो. सौदीने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा हुद्द्यांसाठी कौशल्य पडताळणी सुरू केली आहे. आयटीआय केलेल्या मुलाला यात फायदा आहे, नुसता हाताखाली काम शिकलेल्याला अडचण. स्त्रियांच्या बाबतीत सरकारने दार जवळजवळ लावून घेतलं आहे. ईसीआर देशांत घरकामासाठी जायचं तर वय तीसच्या वर हवं आणि भरती सरकारी संस्थांमार्फतच. हेतू चांगला, पण ज्या राज्यांत अशी संस्था कामाला लागलेली नाही तिथल्या बाईला कायदेशीर रस्ताच उरत नाही, आणि बेकायदा रस्ता उघडा आहे.

सरकारच भरती करतं तेव्हा काय होतं? याची दोन-तीन ताजी उदाहरणं आहेत. ऑक्टोबर २०२३ नंतर पॅलेस्टिनी कामगारांना मज्जाव झाल्यावर इस्रायलला बांधकाम मजुरांची टंचाई भासली. दोन्ही देशांत आधीच करार झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला भरती झाली, पगार महिना १,३७,००० रुपयांच्या आसपास. सप्टेंबर २०२४ मध्ये पुढची फेरी महाराष्ट्रात, पुण्याच्या औंध आयटीआयमध्ये झाली. हुद्दे चार : शटरिंग सुतार, लोखंड वाकवणारे, टाइल बसवणारे, प्लास्टरवाले. युद्धक्षेत्रात माणसं पाठवावीत का, यावर कामगार संघटनांनी कडक आक्षेप घेतले आणि ते रास्त होते. पण भरतीच्या अंगाने पाहिलं तर इथे एक गोष्ट सिद्ध झाली. ट्रेड टेस्ट सरकारी आवारात, उघड्यावर घेता येते आणि मधल्या तीन कड्या गळतात. मग ती टेस्ट औंधला झाली तशी शहापूर किंवा मुरबाडच्या आयटीआयमध्ये का होऊ नये? उलट बाजूने, घाईने निवडलेल्या काहींना प्रत्यक्षात ते काम जमलं नाही, त्यांना दुसऱ्या कामांवर लावलं गेलं, अशा बातम्याही आल्या. जे पोरगं भट्टीवर विटा पाडायला गेलं त्याला ‘बांधकामाचा अनुभव’ आहे असं कागदावर लिहिणं सोपं असतं.

जर्मनीचं प्रकरण वेगळं आणि जास्त बोलकं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, सुरुवातीला दहा हजार जणांचं उद्दिष्ट. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक, हॉटेल कामगार अशी यादी. भरतीचा भार उमेदवारावर टाकायचा नाही, जर्मन भाषा शासन शिकवणार. तत्त्व म्हणून हे उत्तमच. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजार करण्याची घोषणा केली, त्यामुळे उत्साह दुणावला. पण जर्मनीत एजंटाच्या जागी भाषा उभी असते. अनेक कामांना बी-१ पातळीचं जर्मन लागतं आणि आपल्या प्रमाणपत्राला तिथे मान्यता मिळवावी लागते. बी-१ म्हणजे रोज तास-दोन तास धरून वर्षभराचं काम. सरळगावहून मुरबाडला एसटीने जाऊन, संध्याकाळी घरी भात लावून, जर्मन विभक्ती घोकणाऱ्या मुलाला त्या वर्षभरात पोटाला कोण देणार? शासकीय निर्णयात उद्दिष्टांचे आकडे असतात, ही तरतूद नसते. वर्गाला जाणाऱ्याला महिन्याचा भत्ता मिळाला असता तर ही योजना खरोखर कुणब्या-ठाकरांच्या पोरांची झाली असती. नाहीतर ती कल्याण-डोंबिवलीच्या, घरून पैसे घेऊन शिकणाऱ्या मुलांची होते.

जपानचंही तसंच. २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेचा आणि जानेवारी २०२१ मध्ये विशिष्ट कौशल्य कामगार योजनेचा करार झाला. पहिल्या योजनेत शिकाऊ म्हणून नेऊन मजुरासारखं राबवतात, अशी टीका जपानमध्येच इतकी झाली की २०२७ पासून ती मोडीत काढून नवी आणायचं तिथे ठरलं आहे. दुसऱ्यांनी टाकून दिलेली योजना आपण नवी म्हणून साजरी करू नये, एवढंच.

सरकारी भरतीची गरज केरळने फार आधी ओळखली. ओडेपेक ही सरकारी भरती संस्था १९७७ ची, तामिळनाडूची १९७८ ची. केरळात नोर्का रूट्स २००२ पासून आहे, तेलंगणाने २०१५ मध्ये टॉमकॉम काढली. चार-पाच दशकं मुरलेली अशी संस्था महाराष्ट्रात उभी राहिली नाही. मुंबई हेच देशातल्या खासगी एजंटांचं मोठं केंद्र असल्यामुळे राज्याला तशी निकड वाटली नसावी. एजंट आपल्या दारात आणि त्यांचे उमेदवार बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, असा हा मामला. आजही ईसीआर मंजुऱ्यांत ती दोन राज्यंच सगळ्यांत पुढे असतात. मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या कसाऱ्याचा मुलगा मात्र त्या एजंटापर्यंत तीन माणसांमार्फत पोचतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याआधी २०२१ चा एक मसुदा येऊन विरला आहे. नवा येईल तेव्हा येईल. तोवर जुन्याच कायद्यात एक कलम आहे, २७ क्रमांकाचं, ते शहापूर आणि मुरबाडच्या पोलीस ठाण्यांत भिंतीवर लावायला हवं. एरवी या कायद्याखाली खटला भरायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि फाइल दिल्लीला गेली की तक्रारदार थकतो. म्हणून पोलीस साध्या फसवणुकीचा गुन्हा लावतात, तो दोन पक्षांतला पैशाचा वाद ठरतो आणि तडजोडीत निम्मे पैसे परत घेऊन घरी जायला सांगितलं जातं. पण जाऊ इच्छिणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांपैकी कोणी तक्रार केली तर त्या परवानगीची गरज नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. गुन्हा दखलपात्र आहे. मुलगा तिकडे अडकलेला असताना त्याची आई टोकावड्याहून येऊन फिर्याद देऊ शकते. १८०० ११ ३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक तिच्याकडे असावा. आणि रोख दिलेल्या पैशाला साक्षीदार असावा, कारण पावती तर नसतेच.